अडलेलें अंडें

गाय अडली म्हणजे सारें गांव जागें होतें. कोणी दुचाकीवर बसून पशुवैद्यास आणावयास निघतो, कोणी पाणी तापत ठेवतो, शेजारची म्हातारी न बोलावतां येऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसते. हें योग्यच आहे. परंतु त्याच घराच्या मागील अंगणांत एखादें बदक पोटांत अंडें अडून कालपासून कुंथत बसलेलें असतें, आणि त्याकडे पाहून घरधनी इतकेंच म्हणतो, “संध्याकाळपर्यंत पाहूं, नाहीं तर सुरी आहेच.” या वृत्तीविषयीं आज आम्हांस लिहावयाचें आहे. लिहितांना आम्ही न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलों नाहीं, हें वाचकांस लवकरच कळून येईल.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, हे दोन्ही जिल्हे बाहेरच्या लोकांस वाघ आणि सागवान यांसाठींच ठाऊक आहेत. पण वैनगंगेच्या दोन्ही तीरांस राहणाऱ्या आपणांस हा मुलूख मुख्यतः धानाचा व तलावांचा आहे. नागभीडकडील घोडाझरी, सावलीकडील आसोलामेंढा हे मोठे जलाशय सोडले तरी गांवोगांव माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, आणि शेतांतून पसरलेल्या बोड्या आहेतच. पाणी, चिखल, गोगलगायी आणि कापणीनंतर बांधींत सांडलेले धान, याहून बदकास अधिक काय हवें? तरीहि बंगाल, आसाम किंवा केरळ यांच्याप्रमाणें बदक पाळण्याची चाल महाराष्ट्रांत रुजली नाहीं. आपल्याकडे मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती झाल्या. त्या लोकांस बदक हें घरचेंच जनावर. इतरत्र कोणाच्या अंगणांत चार, कोणाच्या सहा, अशींच बदकें दिसतात. त्यांची मालकी कागदावर कोणाचीहि असो, खरी मालकीण घरची बाई असते. अंड्यांचे पैसे तिच्या हातीं येतात आणि मुलांच्या वह्यापुस्तकांत व तेलामिठांत जातात. घरधन्याच्या जमाखर्चांत त्यांची ओळ नसते, आणि बदकाच्या दुखण्याकडे जें दुर्लक्ष होतें त्याचें मूळ पुष्कळसें येथेंच आहे.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. नदीकाठच्या एका गांवीं सभेस गेलों असतां आम्ही एका सभासदाच्या घरीं उतरलों होतों. सकाळीं त्या घरच्या बाईनें आम्हांस मागील अंगणांत नेलें. सहा बदकांपैकीं एक मादी आदल्या दिवसापासून उखळाआड एकटी बसली होती. शेपूट वरखालीं हालवी, मधूनच उभी राहून कुंथे, पुन्हा बसे. हात लावून पाहतां पोटांत अंडें लागलें. जमलेल्यांपैकीं एकजण म्हणाला, दाबून फोडून टाका, म्हणजे मोकळी होईल. आम्ही शेतकीवर लिहिणारे म्हणून सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं मान डोलाविली. अंडें फुटलें. कांहीं कवच बाहेर आलें, कांहीं आंत राहिलें. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं तें बदक मेलें. पुढें एका पशुवैद्यानें समजावून सांगितलें कीं, कवचाच्या धारदार तुकड्यांनीं आंतील नाजूक अंडवाहिनी चिरली असावी आणि मग पोटांत विष पसरलें असावें. त्या बाईनें आम्हांस दोष दिला नाहीं. ती इतकेंच म्हणाली, “भाऊ, गाय असती तर तुम्हीं डॉक्टर बोलावला असता ना?” या प्रश्नाला तेव्हां आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आमचें मत असें कीं, त्या सकाळीं जें झालें त्याचा आरंभ त्या सकाळचा नव्हता. अंडें कसें तयार होतें हें पाहिलें म्हणजे तें ध्यानांत येईल. मादीच्या अंगीं डावीकडची एकच अंडवाहिनी कामाची असते. पिवळा बलक सुटून तींत उतरतो, वाटेंत त्यावर पांढरा बलक व पातळ पडदे चढतात, आणि मग कवच तयार होणाऱ्या पिशवींत तें अंडें बराच काळ थांबतें. कोंबडींत हा काळ अठरा ते वीस तासांचा मोजलेला आहे आणि बदकाचा क्रमहि जवळजवळ तसाच. म्हणजे कवचाचें बहुतेक काम रात्रीं चालतें आणि पहाटे अंडें बाहेर येतें. बदकाचें अंडें साधारण पासष्ट ते सत्तर ग्रॅमचें, त्याचा सुमारें दहावा भाग कवच, आणि कवच म्हणजे बहुतांशीं चुनखडीच. हिशेब केला तर एका अंड्यामागें अडीच ग्रॅमांहून थोडें अधिक कॅल्शियम, म्हणजे चुन्याचें सत्त्व, खर्चीं पडतें. इंग्लंडांत विसाव्या शतकाच्या आरंभीं तयार झालेली ‘खाकी कॅम्पबेल’ जात चांगल्या निगेंत वर्षाला तीनशें अंडीं देते. दोन किलोच्या पक्ष्यानें वर्षाकाठीं पाऊण किलो कॅल्शियम बाहेर टाकावयाचें, हा व्यवहार उधारीवर चालणारा नव्हे.

हेंच कॅल्शियम स्नायूंच्या आकुंचनासहि लागतें. तें रक्तांत कमी पडलें म्हणजे एकीकडे कवच मऊ राहतें आणि दुसरीकडे अंडें ढकलणाऱ्या स्नायूंचें बळ जातें. अशा वेळीं अंडें अडतें. अतिशय लठ्ठ झालेली मादी, वयाआधींच अंड्यावर आलेली पाठ, दोन बलकांचें मोठें अंडें, कडक थंडी, अंडवाहिनीची जुनी सूज, हींहि कारणें आहेत. पण आपल्या भागांत चुन्याची उणीव हेंच कारण वरचढ असावें, असें आमचें निरीक्षण आहे.

तसें कां, तें पाहा. पूर्वीं बदक सकाळीं बोडींत उतरे तें दिवे लागणीला परते. गोगलगायी व लहान शिंपले तें स्वतःच वेंचून खाई. आतां बांधींत कीटकनाशकें फवारलेलीं असतात, तलाव मासेमारीच्या ठेक्यानें गेलेले असतात, म्हणून बदक अंगणांत कोंडलें जातें आणि कणी व कोंडा यांवर वाढतें. धानाच्या कोंड्यांत चुन्याचा अंश नांवालाच. स्फुरद मात्र दीड टक्क्याच्या आसपास, आणि हा असमतोल असलेल्या चुन्यासहि नीट अंगीं लागूं देत नाहीं. शिवाय सूर्यप्रकाश न मिळाल्यास ड जीवनसत्त्व कमी पडतें आणि मग चुना दिला तरी तो पचत नाहीं. मौज अशी कीं, याच चंद्रपूर जिल्ह्यांत राजुरा-कोरपना भागांतून चुनखडीचे डोंगर सिमेंटच्या कारखान्यांत जातात, आणि अंगणांतल्या बदकास चिमूटभर चुनखडी मिळत नाहीं!

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा जाडसर चुरा, किंवा अंड्यांचीं टरफलें उकळून, वाळवून, भरडून, एका वेगळ्या परळांत ठेवावीं. जाडसर अशासाठीं कीं, असा चुरा पेषणींत रात्रभर राहून हळूहळू झिजतो आणि ज्या वेळीं कवच घडत असतें त्या वेळीं कामीं येतो. म्हणून परळ सायंकाळीं भरलेला असावा. खाण्यांत मिसळून सर्वांस सरसकट देऊं नये. नरास व वाढत्या पिलांस जास्त चुना मूत्रपिंडांस बाधतो. मादी आपल्या गरजेपुरता स्वतःच खाते. पानाचा चुना किंवा भिंतीचा कळीचा चुना कोणी देऊं नये, त्यानें तोंड व अन्ननलिका भाजते.

दिव्याविषयीं येथेंच सांगतों. बिबट्या व रानमांजर यांच्या भीतीनें पुष्कळ घरीं खुराड्यावर रात्रभर विजेचा दिवा जळत असतो. पक्ष्याच्या शरीरास लांबलेला उजेड म्हणजे अंडीं घालण्याची आज्ञा होय. त्यामुळें कोवळ्या माद्या वेळेआधीं अंड्यावर येतात आणि थकलेल्या माद्यांस विश्रांति मिळत नाहीं. बिबट्या दिव्यास भितो असा आमचा अनुभव नाहीं. त्याला अडविते ती जाड तारेची जाळी आणि मजबूत कडी.

आतां प्रत्यक्ष संकटाच्या दिवसाविषयीं. बदकें बहुधा पहाटे, ऊन वर येण्याआधींच अंडें घालतात. नऊ-दहा वाजून गेले तरी एखादी मादी कळपांतून बाजूला बसून कुंथत आहे, पाण्यांत उतरत नाहीं, पाय फाकून किंवा उभट होऊन चालते, मागील द्वाराशीं पिसें माखलीं आहेत, असें दिसलें म्हणजे संशय घ्यावा. दोन पायांच्या मधोमध, द्वाराच्या खालच्या अंगास बोटांनीं अगदीं हलकेंच चांचपून पाहावें. टणक गोळा लागला तर अंडेंच. न लागला म्हणून निश्चिंत होऊं नये, कारण मऊ कवचाचें अंडें हातास कळत नाहीं.

प्रथम तिला इतरांपासून, विशेषतः नरांपासून, दूर करावें. टोपल्यांत किंवा खोक्यांत पेंढा घालून ऊबदार, शांत व अंधाऱ्या जागीं ठेवावें. मग आपल्या कोपरास सुखानें सोसेल इतक्या कोमट पाण्यांत तिचें पोट बुडेल असें पंधरा-वीस मिनिटें धरावें किंवा बसवावें. त्यानें स्नायू सैल पडतात. बाहेर काढल्यावर पिसें कोरडीं करून पुन्हा उबेंत ठेवावें. ओली ठेवल्यास थंडीनें केलेलें सारें वायां जातें. द्वाराशीं बोटानें स्वच्छ खोबरेल तेल लावावें. पिण्यास पाणी समोर असावें. पशुवैद्यानें सांगितलेलें पातळ कॅल्शियम घरांत असेल तर त्याच्या सांगण्याप्रमाणें चोंचीच्या कडेनें थेंब थेंब द्यावें. घशांत ओतूं नये, कारण तें श्वासनलिकेंत गेलें तर अंड्याआधीं बदकच जाईल. पुष्कळदां इतक्यानेंच दोन-तीन तासांत अंडें बाहेर येतें.

जें करूं नये तें आम्ही स्वानुभवानें सांगतों: अंडें आंत फोडूं नये, पोट दाबूं नये, दिसत असलेलें अंडें ओढूं नये. आणखी एक धोका अलीकडचा आहे. गाईम्हशींचें दूध उतरविण्याची जी सुई कांहीं लोक चोरून बाळगतात, ती बदकास टोंचावी असा सल्ला देणारे शहाणे गांवोगांव आहेत. त्या औषधानें अंडवाहिनी जोरानें आवळते. वाट बंद असेल, अंडें चिकटलेलें असेल किंवा रक्तांत कॅल्शियम नसेल, तर ती नळी आंतल्या आंत फाटते. पशुवैद्य असलें औषध देतात तेव्हां आधीं तपासतात, आधीं कॅल्शियम देतात. तें काम आपलें नव्हे.

मादी तोंड उघडून श्वास घेत असेल, तिचे पाय लुळे पडले असतील, मान टाकली असेल, तर घरगुती उपचारांत वेळ घालवूं नये. तशीं लक्षणें नसलीं तरीहि दुपारपर्यंत अंडें न आल्यास पशुवैद्यास कळवावें. अंडें आंत मूत्रपिंडांवर व पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब आणतें, आणि एक दिवस उलटल्यावर प्रत्येक तासाला आशा कमी होत जाते. पशुवैद्य सुईनें अंड्यांतील रस ओढून घेऊन कवच चेपवूं शकतात. शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा. वरवर पाहतां हेंहि ‘फोडणेंच’ वाटेल, पण डोळ्यांनीं पाहून, वाट मोकळी करून, तुकडे वेंचून केलेलें काम आणि आम्हीं त्या दिवशीं केलें तें, यांत काय अंतर आहे हें आम्हांस चांगलें ठाऊक झालें आहे.

दुसरें संकट अंग बाहेर येण्याचें. कुंथून कुंथून अंडवाहिनीचा तांबडा भाग द्वाराबाहेर लोंबूं लागतो. तांबडें दिसलें कीं इतर पक्षी त्यावर चोंची मारतात, आणि तासाभरांत जखमेचा चिखल होतो. म्हणून पहिलें काम वेगळें करण्याचें. एक लीटर उकळून निवविलेल्या पाण्यांत दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालून त्यानें तो भाग धुवावा आणि ओल्या स्वच्छ कपड्यानें झांकून ओलसर राखावा. वाळला कीं तो मरूं लागतो. सूज फार असेल तर साखरेचा दाट पाक, अर्थात् थंड, त्यावर लावून कांहीं मिनिटें ठेवल्यास सूज ओसरते, मग धुऊन टाकावा. भाग ताजा व तांबूस असेल तरच नखें कापलेल्या, तेल लावलेल्या बोटानें हळूहळू आंत सारावा. काळपट झाला असेल, फाटला असेल, त्यांत अंडें असेल किंवा आंत जाऊन पुन्हा बाहेर येत असेल, तर हात लावूं नये. त्यास पशुवैद्याचा टांकाच पाहिजे. नंतर कांहीं दिवस मादीस उजेड कमी द्यावा, म्हणजे अंडीं थांबून अंगास विसांवा मिळेल.

नराविषयीं आमच्या कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांस एक गोष्ट नवी वाटेल. कोंबड्यास नसतें असें बाहेर येणारें लिंग नर बदकास असतें, आणि तें कधीं कधीं परत आंत जात नाहीं. चिखलानें व चोंचींनीं त्यास जखमा होतात. धुणें, ओलसर ठेवणें, साखर लावणें व माद्यांपासून वेगळें करणें हे उपाय येथेंहि तेच. तो भाग सडल्यास पशुवैद्य तो कापून टाकतात. मूत्रमार्गाशीं त्याचा संबंध नसल्यामुळें नर जगतो, मात्र पैदाशीच्या कामाचा राहत नाहीं. असल्या तक्रारी नर फार असल्यानें वाढतात. पांच-सहा माद्यांस एक नर पुरे. चार माद्यांमागें तीन नर ठेवलेले आम्हीं पाहिले आहेत. तेथें माद्यांच्या मानेचीं व पाठीचीं पिसें उपटलेलीं होतीं.

परंतु एकापाठोपाठ अनेक बदकें मरूं लागलीं आणि मेलेल्या नरांचें लिंग बाहेर आलेलें दिसलें, तर तें एकट्या पक्ष्याचें दुखणें न समजतां बदकांच्या ‘प्लेग’चा संशय घ्यावा. नेदरलंड्समध्यें १९२३ सालीं वर्णिलेला हा विषाणूचा रोग आपल्या देशांत बंगालमध्यें साठ वर्षांपूर्वींच आढळलेला आहे, आणि त्यावर लस आहे. १९२३ च्या त्या रोगाशीं बर्ड फ्लूचा संबंध नाहीं. पण २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास त्या दुसऱ्या रोगानें जो हाहाकार उडविला तो स्मरून, अनेक पक्षी एकदम मेल्यास उघड्या हातांनीं उचलूं नयेत, तलावांत फेंकूं नयेत, आणि पशुसंवर्धन खात्यास त्याच दिवशीं कळवावें.

आतां आमच्या सभासदांचा नेहमीचा आक्षेप. दोन-तीनशें रुपयांच्या पक्ष्यासाठीं वैद्य कशाला? सुरी सर्वांत स्वस्त. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पक्षी वांचणारच नसेल, तडफडत असेल, तर त्यास झटकन् सोडविणें हीच दया, आणि तेव्हां सुरीस आमची ना नाहीं. मात्र औषध टोंचलेल्या किंवा पोटांत दुर्गंधियुक्त पाणी झालेल्या पक्ष्याचें मांस कोणी खाऊं नये. औषधानंतरचीं अंडींहि पशुवैद्य सांगेल तितके दिवस टाकून द्यावीं. पण आक्षेप घेणारे पक्ष्याची किंमत बाजारच्या मांसावरून करतात, तेथें त्यांची चूक होते. अंड्यावर असलेली मादी पुढें दोन-तीन वर्षें अंडीं देणार असते. एका अंड्यास बाजारांत काय मिळतें तें ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारावें, आणि गुणाकार करावा. बहुतेक घरधन्यांस तो भाव ठाऊकच नसतो!

दूरध्वनीनें १९६२ हा क्रमांक फिरविल्यास फिरत्या पशुचिकित्सा पथकाची सोय झालेली आहे, ती उत्तम आहे. पण पावसाळ्यांत पर्लकोटेचा पूर चढला कीं भामरागड जगापासून तुटतें. तेथें पथक कसें पोहोंचावें? आणि दवाखाना जवळ असला तरी पक्ष्यास तपासण्याची तयारी तेथें असेलच असें नाहीं, कारण पक्षी घेऊन कोणी येतच नाहीं. आणि तयारी नाहीं म्हणून कोणी येत नाहीं. हें चक्र आपणच तोडलें पाहिजे. यासाठीं आमची सूचना अशी कीं, आपल्या संस्थेच्या प्रत्येक शाखेनें एक लहानशी पेटी ठेवावी. तींत स्थानिक पशुवैद्याच्या सल्ल्यानें घेतलेलें पातळ कॅल्शियम, हातमोजे, स्वच्छ कापूस व कापड, तेलाची बाटली, मापाचा चमचा आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचीं पुडकीं असावीं. औषधांची मुदत दर सहा महिन्यांनीं पाहावी. पेटी शाखेच्या चिटणिसाच्या कपाटांत बंद न राहतां गांवांतील अशा एखाद्या बाईच्या घरीं असावी, जिच्याकडे बदकें आहेत आणि जिचें दार दिवसां उघडें असतें. वर्षांतून एकदां पशुवैद्यास बोलावून या स्त्रियांस हातानें दाखवून शिकवावें. सभेच्या सूचना पुरुषांच्या नांवें जातात, बदकें पाहतात बायका; या शिकवणीची सूचना तरी त्यांच्या नांवें जावी.

आमच्याकडून आरंभ म्हणून पहिली पेटी आम्हीं भरून त्या नदीकाठच्या गांवीं पाठविली आहे. ज्या वाचकांच्या घरीं असा प्रसंग येईल त्यांनीं तीन गोष्टी आम्हांस अवश्य लिहून कळवाव्या: अडलेलें अंडें टणक होतें कीं मऊ, त्याआधींचा महिनाभर खाणें काय होतें, आणि खुराड्यावर रात्रीं दिवा असे कीं नाहीं. पत्र घरच्या बाईनें लिहिलें किंवा सांगून लिहविलें तर अधिक बरें.